वापरलेलं डॉमिनो घ्यायचंय? दोन फळकुटं सोबत घेऊन जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीला चारकोपमध्ये तुमचा लहानसा गाळा आहे, हाताखाली दोन कारागीर आहेत. काम मुख्यतः सागवानी टेबलं-खुर्च्यांचं, अधूनमधून प्लायची कपाटं. जोगेश्वरीचं एक वर्कशॉप बंद होतंय आणि त्यांच्याकडचं फेस्टूल कंपनीचं डॉमिनो डीएफ ५०० (लाकडात सांध्याच्या खाचा पाडणारं हातात धरायचं मशीन), सोबत ५ आणि ८ मिमीचे कटर आणि अर्धा डबा टेनन (त्या खाचांत बसवायचे लाकडी तुकडे), असं सगळं मिळून नव्याच्या दोन तृतीयांश किमतीत मिळतंय. घ्यावं का, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय तपासावं, असं तुम्ही विचारलंय.

मी गोरेगावात अठ्ठावीस वर्षं फर्निचर करतोय. गेली अकरा वर्षं माझ्याकडे डॉमिनो आहे. दोन मशीनं मी वापरलेली घेतली. त्यातलं एक आजही रोज चालतं, दुसऱ्याने मला सहा खुर्च्या फोडायला लावल्या. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल, पण पैसे मोजण्याआधी पूर्ण वाचा.

तुमच्या कामाला हे मशीन शोभतं. सांगितलेली किंमत मात्र मला जास्त वाटते. त्याचं गणित पुढे करतो.

आधी मशीन काय करतं ते नीट समजून घ्या, म्हणजे तपासताना डोळा कुठे ठेवायचा ते आपोआप कळेल. राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं आपलं नेहमीचं मशीन, त्याचा कटर जागेवर गोल फिरतो. डॉमिनोचा कटर मिनिटाला २४,००० पेक्षा जास्त फेरे घेता घेता घड्याळाच्या लंबकासारखा डावी-उजवीकडे झुलतो आणि त्यातून दोन्ही टोकांना गोल असलेली लांबट खाच पडते. दोन्ही तुकड्यांत अशी खाच पाडायची, गोंद लावायचा, मधे बीच लाकडाचा तयार टेनन घालायचा. आपले जुने सुतार लाकडातूनच कूस काढून समोरच्या भोकात बसवत. इथे कूस सुटी असते, एवढाच फरक. पटाशीने पाऊण तास लागणारा सांधा मिनिटभरात होतो आणि पन्नासावा सांधा पहिल्यासारखाच येतो.

हे शेवटचं महत्त्वाचं. मोटर ४२० वॅटची आहे, तशी मोटर कुठल्याही मिक्सरला असते. पैसे आपण नेमासाठी देतो: खाच दर्शनी बाजूपासून तेवढ्याच अंतरावर, तेवढीच खोल, अगदी समांतर पडली पाहिजे. मोटर बिघडली तर नागदेवी स्ट्रीटच्या आसपास कार्बन ब्रश, बेअरिंग, आर्मेचर करून देणारे हात आहेत. नेम गेला तर तो परत आणून देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. बहुतेक जण मात्र उलटं करतात. मशीन चालू करतात, आवाज ऐकतात, ठिणग्या बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात.

माझ्या त्या सहा खुर्च्यांचं तेच झालं. मशीन एका ओळखीच्या ठेकेदाराकडून घेतलं होतं. दिसायला नवं, आवाज गोड, पेटी चकचकीत. मी दोन-तीन खाचा पाडून बघितल्या, छान पडल्या. आठवड्याने खुर्च्यांची ऑर्डर घेतली, पाय आणि आडपट्ट्या जोडल्या, क्लॅम्प लावले, रात्रभर ठेवलं. सकाळी क्लॅम्प काढून खुर्ची फरशीवर ठेवली तर डुगडुगतेय. दुसरीही तशीच, आणि डुगडुगायची दिशासुद्धा तीच. आधी वाटलं लाकूड वळलं. मग आडपट्टी आणि पाय यांच्यामध्ये काटकोन तपासायचा गुण्या लावला. गुण्या आणि लाकूड यांच्यात वरच्या बाजूने उजेडाची बारीक रेघ दिसत होती, सगळीकडे एकाच बाजूला. मशीन कधीतरी उंचावरून पडलं होतं आणि पुढची चौकट केसभर वाकली होती. खाच वाकडी पडत होती, पण एकेकटी खाच बघून ते कुणालाच कळलं नसतं. सांधा जोडल्यावरच कळतं. ते लाकूड, ती मजुरी आणि त्या गिऱ्हाइकाचा विश्वास, तिन्हींची भरपाई मला स्वतःच्या खिशातून करावी लागली.

म्हणून मशीन बघायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. साधारण फूटभर लांब, ६०-७० मिमी रुंद आणि २० मिमी जाड अशी सागाची दोन फळकुटं, चारही बाजूंनी रंधलेली, कडा काटकोनात. तुम्ही नेहमी वापरता त्या प्लायचे दोन तुकडे. खोली मोजायची पट्टी असलेला व्हर्नियर, गुण्या, एक सरळ स्टीलची फूटपट्टी, टॉर्च, दोन क्लॅम्प. आणि ५ मिमीचे चार-पाच टेनन झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी का, तेही सांगतो.

पोचल्यावर लगेच प्लग लावू नका. सोबतचा ८ नंबरचा पाना घ्या, पुढच्या भागाची कळ त्याने उचला, मोटरचा भाग आणि चौकट वेगळी होते. कटर बदलताना असंच उघडतात. विकणाऱ्याला हे जमलं नाही तर समजा की कटर कधी बदललेलाच नाही. उघडल्यावर दोन चकचकीत रॉड दिसतील. मोटर त्यांच्यावरून पुढे-मागे सरकते. टॉर्च आडवा धरून बघा आणि रॉडवरून नख फिरवा. आपल्या मुंबईच्या हवेत तपकिरी पापुद्रा धरतोच, तो तेलाच्या फडक्याने पुसला जातो, त्याला घाबरू नका. पण नख अडकेल असे खड्डे असतील तर मशीन पावसाळाभर पेटीबाहेर पडून होतं, आणि त्या खड्ड्यांवरून सरकताना ते दर वेळी थोडं हिसकणार. भुशाचा आणि सुकलेल्या ग्रीसचा थर असेल तर हरकत नाही, तो साफ होतो.

कटर चिमटीत धरून वर-खाली हलवून बघा. खाचेची जाडी याच दिशेला ठरते, म्हणून इथे खेळ जाणवता कामा नये. मग मशीन परत जोडा आणि प्लग न लावताच हाताने पाच-सहा वेळा सावकाश पुढे दाबून सोडा. अर्ध्यात अडकणं, खरखर, एका बाजूला तिरकं जाणं, यातलं काहीही नको. स्प्रिंगने ते स्वतःहून पूर्ण मागे आलं पाहिजे.

आता चालू करायला सांगा, आणि त्याचबरोबर खाचेची रुंदी बदलून दाखवायला सांगा. हा माझा आवडता प्रश्न. वरच्या गोल कळीला रुंदीच्या तीन जागा आहेत: १३, १९ आणि २३ मिमी, अधिक कटरचा व्यास. ही कळ मशीन चालू असतानाच फिरवायची असते, कंपनीच्या माहितीपुस्तिकेतच तसं दिलंय. बंद मशीनवर ती अडते आणि न माहीत असलेला कारागीर जोर लावतो. विकणारा मशीन चालू करून सहज कळ फिरवतो का, की बंद मशीनवर दोन्ही हातांनी पिळतो, तेवढं बघा. इतकी वर्षं त्या मशीनशी कसं वागले, ते तुम्हाला त्या एका हालचालीत दिसेल. रुंदी वाढवल्यावर आवाज थोडा बदलतो, ते बरोबर आहे. खडखडाट किंवा ठोके ऐकू आले तर झुलवणारी यंत्रणा झिजली आहे, आणि हाच यातला सगळ्यात महाग भाग.

मधेच बंद पडणारं मशीन मात्र लगेच नाकारू नका. यातले कार्बन ब्रश झिजले की आपोआप संपर्क तोडतात, म्हणजे कमटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा तांब्याचा भाग) खराब होण्याआधी मशीन थांबतं. पुष्कळदा विकणाऱ्याला वाटतं मोटर गेली, आणि खरं काम ब्रशच्या जोडीपुरतंच असतं. ब्रश घालून ते तुमच्यासमोर चालवून दाखवायला लावा, मग भाव करा.

आता खरी परीक्षा. व्हॅक्यूम लावल्याशिवाय ती करू नका. भुसा बाहेर खेचला गेला नाही तर तो खाचेत दाबला जातो, खोली कमी भरते, कटर जळतो, आणि तुम्ही उगाच मशीनला दोष द्याल. त्यांच्याकडे व्हॅक्यूम नसेल तर तुमचा घेऊन जा. तोंड जुळत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा चार बोटं लांब तुकडा पाइप आणि नळीवर चढवा, घट्ट बसतो.

दोन्ही फळकुटांच्या एका बाजूवर पेन्सिलने फुली मारा. ही तुमची दर्शनी बाजू. फळकुटं टेबलाला क्लॅम्प करा, फेन्स, म्हणजे मशीनच्या पुढची लाकडावर टेकवायची पट्टी, ९० अंशांवर ठेवून फुलीच्या बाजूवर टेकवा आणि दोघांच्या लांब कडेत प्रत्येकी दोन खाचा पाडा. इथे हात कसा ठेवता याला फार महत्त्व आहे. पुढच्या हाताने फेन्स लाकडावर दाबून धरायची, मागच्या हाताने मशीन फक्त सरळ पुढे ढकलायचं. मागचा हात खाली दाबला की मशीन नाक वर करतं आणि खाच तिरकी जाते. तक्रारी घेऊन माझ्याकडे आलेल्या मशीनांपैकी निम्मी तरी निर्दोष होती, दोष मागच्या हाताचा होता.

टेनन घाला, गोंद न लावता फळकुटं क्लॅम्पने आवळा. आता फुलीच्या बाजूला सांध्यावरून नख आडवं फिरवा. पायरी लागता कामा नये. मग स्टीलची पट्टी सांध्यावरून आडवी, कडेवर उभी धरून मागून टॉर्च मारा. पट्टीखालून मधोमध किंवा दोन्ही टोकांना उजेड आला तर खाचा तिरक्या आहेत. दोन्ही तुकडे एकाच बाजूवरून कापले असल्यामुळे चूक इथे दुप्पट होऊन दिसते, म्हणूनच ही परीक्षा इतकी बोलकी आहे. पाव अंशाचा दोष सांध्यात अर्धा अंश होतो.

उजेड दिसला तर लगेच उठून येऊ नका. फेन्स वर उचलून बाजूला करा, फळकुटं आणि मशीन दोन्ही सपाट टेबलावर ठेवा आणि मशीनच्या तळाच्या आधाराने हाच प्रयोग पुन्हा करा. डीएफ ५०० च्या तळापासून कटरचा मध्य १० मिमीवर असतो, त्यामुळे २० मिमीच्या फळकुटात खाच बरोबर मधोमध पडते. या वेळी सांधा सरळ आला तर दोष फेन्सचा. फेन्सची कळ सैल असेल, कोन बसवायच्या जागी भुसा अडकला असेल, फार तर फेन्स बदलावी लागेल. किंमत कमी करून घेता येईल. तळाच्या आधारानेही वाकडंच आलं तर चौकट वाकलेली आहे. नमस्कार करा आणि निघा. फुकट दिलं तरी नका घेऊ, कारण ते एकदा गाळ्यात आलं की कधीतरी घाईच्या दिवशी कुणीतरी वापरणारच.

खोलीची परीक्षा सोपी आहे. १५ मिमीवर लावून ओळीने दहा खाचा पाडा आणि व्हर्नियरने मोजा. आकडा १५ च्या थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, दहाही खाचा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. मग १२ आणि २० वर एकेक पाडा, आणि २५ वर ८ मिमीचा कटर लावूनच, कारण ५ मिमीचा कटर २० च्या पुढे चालत नाही. म्हणजे खोलीच्या पायऱ्या झिजल्या आहेत का ते कळेल. त्याच कटरने २८ वरही बघा. शेवटी खाचेच्या जाडीसाठी कोरडा टेनन सगळ्यात अरुंद खाचेत अंगठ्याने दाबा. दाबून आत जावा आणि काढताना चिमटीला ओढ लागावी. हलला तर स्पिंडलचा (कटर धरणाऱ्या दांड्याचा) खेळ तरी आहे, नाहीतर कटर भलताच.

पुढच्या तोंडाशी, कटरच्या डावी-उजवीकडे, कडेवर टेकवायचे छोटे खटके असतात. जुन्या मशीनला त्या जागी पिना असायच्या. एका फळकुटात डावा खटका कडेला टेकवून खाच पाडा, दुसऱ्यात उजवा टेकवून. जोडल्यावर दोन्हींच्या कडा एका रेषेत आल्या पाहिजेत. मार्किंग न करता भराभर काम करण्याची सगळी मजा या खटक्यांत आहे. कपाटाच्या कामात मी पेन्सिल जवळपास वापरतच नाही.

प्लायसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. फेन्सच्या उंचीच्या पायऱ्यांवर लाकडाच्या जाडीचे १६, २०, २२, २५, २८, ३६, ४० असे आकडे आहेत. आपल्याकडचा १८-१९ मिमीचा प्लाय त्यात नाही. अनेक जण यावर गोंधळतात, मशीन चुकीचं आहे म्हणतात. २० ची पायरी लावा आणि दोन्ही तुकड्यांवर फेन्स नेहमी दर्शनी बाजूलाच टेकवा. खाच प्लायच्या अगदी मधे येणार नाही, अर्धा-एक मिमी सरकेल, पण दोन्हीकडे तेवढीच सरकेल आणि दर्शनी बाजू सपाट जुळेल. जाडीतला जो फरक आहे तो आतल्या बाजूला जातो.

आता पाटी वाचा. मुंबईत परदेशाहून आलेल्या नातेवाइकांच्या सामानातून, जहाजावर काम करणाऱ्यांकडून खूप हत्यारं येतात. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर ते लावलं की मोटर काही क्षणांत जळते. प्लग कुणीही बदललेला असू शकतो, म्हणून प्लग बघून अंदाज करू नका, मशीनवरच्या पाटीवरचा व्होल्टेजचा आकडा वाचा. १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. ४२० वॅटच्या मशीनला मी १ केव्हीएचा घेईन, म्हणजे तो तापणार नाही. लोहार चाळीत मिळतो, पण त्याचं वजन, त्याची जागा आणि त्याची किंमत हे सगळं भावातून वजा करा. प्रवासात मोबाइलसाठी वापरतात तो छोटा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मशीनची वायर सुटी होते, ती फिरवून अडकवायच्या जागी काळा डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक आहे का तेही बघा.

मशीन कुणाचं आहे हा प्रश्न विचारायला लाजू नका. साइटवरून हत्यारं चोरीला जातात, आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाची गेली आहेत. मूळ बिल मागा, पाटीवरचा सीरियल नंबर त्याच्याशी जुळवा. बिल हरवलं असेल तर साध्या कागदावर विक्रीपत्र, त्यात सीरियल नंबर, तारीख, रक्कम, सही, सोबत ओळखपत्राची प्रत, आणि पैसे बँकेतून. सज्जन विकणारा याला कधीच हरकत घेत नाही. तुमच्या बाबतीत वर्कशॉप बंद होतंय, म्हणजे त्यांच्याकडे खरेदीचा हिशोब असणारच. वॉरंटी आपल्याला मिळेल असं गृहीत धरू नका.

आता पैशांचं. गणितापुरतं समजा, नव्या मशीनची किंमत १,००,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातातून गेले १,१८,०००. तुमचा गाळा जीएसटीत नियमित नोंदणीकृत असेल, कॉम्पोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीच्या सोप्या करयोजनेत, जिथे असं क्रेडिट मिळत नाही) नसेल, तर ते १८,००० तुम्हाला क्रेडिट म्हणून परत वळते होतात. खरा खर्च १,००,०००. विकणारा मात्र दोन तृतीयांश म्हणताना १,१८,००० चे दोन तृतीयांश धरतो, म्हणजे ७८,६०० च्या आसपास. तो तुम्हाला कराचं रीतसर बिल देणार नसेल तर त्यावर काहीच क्रेडिट नाही. म्हणजे तुमच्या दृष्टीने ते नव्याच्या ७८ टक्क्यांना पडलं, ६६ ला नाही. नव्याची वॉरंटी असते, याची नाही. एवढ्या फरकासाठी मी वापरलेलं घेणार नाही.

माझी स्वतःची रेषा सांगतो. सगळ्या परीक्षा पास झाल्या तर कर सोडून जी नवी किंमत होते तिच्या ५५ टक्क्यांपर्यंत, फार तर ६०. त्यातून पुन्हा वजाबाकी. ५ मिमीचा कटर प्लायमध्ये खूप चाललेला असेल, कारण प्लायमधला गोंद कार्बाइडची धार खातो. सागाच्या फळकुटात त्याची खाच काळपट पडली, जळका वास आला, तर आधी कटर काढून रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासायला लावा. चिकटा निघाल्यावरही जळत असेल तर नव्या कटरचे पैसे कमी करा. ८ मिमीचा कटर सहसा ठीक निघतो. अर्ध्या डब्याच्या टेननला वेगळी किंमत देऊ नका.

का, ते आता सांगतो. बीच लाकूड दमट हवेत फुगतं. जून ते सप्टेंबर मुंबईत उघड्या डब्यात ठेवलेले टेनन इतके फुगतात की नव्या कोऱ्या मशीनच्या खाचेतही जात नाहीत, आणि हातोडीने ठोकले तर प्लायची कड फुटते. तुम्ही पावसाळ्यात मशीन तपासताय आणि त्यांच्याच डब्यातले टेनन वापरले, तर चांगलं मशीन तुम्हाला वाईट वाटेल. उलट झिजलेल्या मशीनच्या सैल खाचेत फुगलेला टेनन छान घट्ट बसतो आणि दोष लपतो. ही दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. म्हणून स्वतःचे, पिशवीतले कोरडे टेनन न्या. गाळ्यात मी ते घट्ट झाकणाच्या बरण्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. फुगलेच तर पत्र्याच्या डब्यात ६० वॅटचा बल्ब लावून रात्रभर सुकवतो, सकाळी ते परत खाचेत जातात. मशीनच्या पेटीतही दोन पुड्या टाका, आणि शनिवारी संध्याकाळी रॉडवर तेलाचं फडकं फिरवा.

व्हॅक्यूम तुमच्याकडे नसेल तर तो खर्चही आत्ताच धरा, तो ऐच्छिक नाही. सांध्याच्या नेमासाठी लागतोच, पण त्याहून मोठं कारण तुमचे दोन कारागीर आहेत. लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच नक्की केलं आहे. बंद गाळ्यात, दार ओढून, पंखा लावून सागाचा बारीक भुसा दिवसभर नाकात जातो. माझ्या वडिलांच्या पिढीने तो तसाच घेतला. आपण घेऊ नये आणि आपल्या माणसांना घेऊ देऊ नये.

डीएफ ५०० ने काय होणार नाही तेही ऐका. कटर ४ ते १० मिमी, खोली जास्तीत जास्त २८. मुख्य दरवाजाची सागवानी चौकट, जड शटर, पलंगाचे खांब यांना ते पुरत नाही. त्यासाठी थोरला भाऊ डीएफ ७०० आहे, १४ मिमीपर्यंत कटर आणि ७० मिमीपर्यंत खोली, पण वजन ३.२ किलोऐवजी ५.२ किलो, आणि बारीक कामात तो अवजड होतो. दोघांचे कटर एकमेकांना थेट चालत नाहीत, म्हणून कुणी ‘सोबत १२ चा कटर फुकट देतो’ म्हणाला तर हुरळू नका. टेबल-खुर्च्यांना ५०० च बरं.

तुमचं काम पुढे प्लायच्या कपाटांकडे जास्त वळणार असेल तर स्विस लॅमेलोचं झेटा पी२ हेही वापरलेलं मिळतं का बघा. ते टी-आकाराची खाच पाडतं, त्यात प्लास्टिकचे जोड सरकवायचे आणि कपाट जागेवर नेऊन पान्याने आवळायचं. ज्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सात फुटी कपाट उभं राहत नाही, ज्या चाळीच्या जिन्यावर वळण घेता येत नाही, तिथे त्याने माझी बरीच हमाली वाचवली आहे. पण खुर्चीच्या पायाला ते उपयोगाचं नाही. जर्मनीच्या माफेलचं, डॉवेलची (गोल लाकडी खुंट्यांची) दोन भोकं एकदम पाडणारं मशीनही उत्तम, दोन भोकांमध्ये नेमकं ३२ मिमी अंतर, मात्र आपल्याकडे जुन्या बाजारात ते क्वचितच दिसतं. साधा बिस्किट जॉइंटर (चपट्या लाकडी चकत्यांसाठी खाच पाडणारं मशीन) स्वस्तात मिळतो. तो फळ्या सपाट जुळवायला चांगला, खुर्चीचं वजन पेलायला नाही.

आणि डॉमिनो नाहीच जमलं तर काम अडत नाही. तुमच्याकडे राउटर आहे. ८ मिमीचा लांब बिट, प्लायची एक जिग (राउटर सरळ चालवायचा साचा), आणि सागाच्याच पट्टीतून स्वतः काढलेल्या सुट्या कुसा. मी पहिली सतरा वर्षं असेच सांधे केले, ते आजही गिऱ्हाइकांच्या घरी उभे आहेत. वेळ चौपट लागतो. महिन्याला दहा-बारा सांधे असतील तर जिग पुरते. दिवसाला चाळीस असतील तर मशीनची किंमत काही महिन्यांत मजुरीतून निघते. तुम्ही दोन कारागिरांच्या गाळ्यात खुर्च्या करताय, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात आहात.

तेव्हा असं करा. रविवारी नको, कामाच्या दिवशी सकाळी जा, म्हणजे त्यांचा तो कारागीर तिथे असेल ज्याने हे मशीन रोज हातात धरलंय. फळकुटं त्याच्याच हातात द्या आणि त्यालाच खाचा पाडू द्या, मग तुम्ही पाडा. मालक किंमत सांगेल, मशीन कुठे पडलं होतं का ते तो कारागीर सांगेल. सांधा सपाट आला, उजेड दिसला नाही, तर ५५ टक्के सांगा, कटरचे पैसे वजा करा आणि ६० ला थांबा. तेवढ्यात दिलं तर त्याच दिवशी रिक्षात मांडीवर घेऊन या. टेम्पोत बाकीच्या सामानासोबत टाकू नका.